ब्रॅकेट अजून पडद्यावर आहे

सकाळी ७.१५

चाकणच्या कारखान्यात पहिली पाळी सातला सुरू होते आणि डिझाइन विभागातली माणसं साडेआठच्या सुमाराला येतात. मधला वेळ मी असेंब्ली लाइनवर घालवते. माझं काम डिझाइनचंच आहे. पण गाडी कोण जोडणार, तिचे भाग कुठे बनणार, कोणत्या खोक्यात भरून कुठे जाणार आणि बिघडली तर कोण उघडणार, हे सगळं डिझाइनच्या पहिल्या रेघेबरोबरच ठरवायचं, ही आमच्या गटाची रीत आहे. कारखान्यात या गटाला ‘सीएफटी’ म्हणतात. डिझाइन, उत्पादन, खरेदी, गुणवत्ता, लॉजिस्टिक्स आणि सर्व्हिस या विभागांतली माणसं त्यात एकाच गाडीसाठी एकत्र बसतात. सध्या आमच्याकडे मालवाहू इलेक्ट्रिक तीनचाकीचं पुढचं मॉडेल आहे. तिची चासी अजून संगणकाच्या पडद्यावरच आहे.

आजचा विषय एक ब्रॅकेट. बॅटरीतली ४८ व्होल्टची वीज मोटरला हवी तशी पुरवणारा कंट्रोलर हा ॲल्युमिनियमचा डबा असतो आणि तो चासीच्या मागच्या आडव्या मेंबरवर बसतो. त्याला धरून ठेवणारा, तीन मिलिमीटर पत्र्याचा हा तुकडा. गाडीच्या किमतीत तो मोजण्यातही येत नाही. पण त्याला हात लावणाऱ्या माणसांची यादी केली, तर ती गाडीच्या दाराच्या यादीपेक्षा लांब होते, म्हणून आजचा दिवस त्याला दिला आहे.

चालू मॉडेलच्या कंट्रोलर स्टेशनवर जाऊन उभी राहिले. दर चार मिनिटांनी गाडी पुढे सरकते, म्हणजे पाळीत शंभरावर गाड्या. ऑपरेटर एका हाताने डबा जागेवर दाबून धरतो आणि दुसऱ्या हाताने नट रनर चालवतो. बोल्ट एम ८ चे, टॉर्क सुमारे २५ न्यूटन मीटर. तीन बोल्ट पटापट बसतात. चौथ्याला रनर खाली ठेवावा लागतो, कारण मेंबरच्या कडेमुळे त्याचं डोकं तिथे जात नाही. मग रिंग पाना, मान वाकडी, कोपर लोड बॉडीच्या आधारावर टेकलेलं आणि पाव-पाव फेरा. रनरने बसवलेल्या तीन बोल्टांचा टॉर्क आपोआप नोंदला जातो; चौथ्याची नोंद फक्त त्याच्या मनगटात राहते. गुणवत्ता विभाग टॉर्क पान्याने तो अधूनमधून तपासतो. रोज शंभर वेळा वाकडी होणारी मान मात्र कुठल्याच तक्त्यात येत नाही.

“मॅडम, नव्या गाडीत चौथा असाच आहे?” त्याने विचारलं. मी टॅबवर मॉडेल उघडून त्याच्या हातात दिलं. त्याने बोटाने गाडी फिरवली, उलटी केली, मेंबरच्या मागून पाहिलं आणि टॅब परत दिला. “असाच आहे.”

सकाळी ८.३०

उभ्याने होणारी बैठक, पंधरा मिनिटांची. काल काय अडलं, आज कोण काय सोडवणार, एवढंच. फळ्यावर ब्रॅकेटसमोर लाल खूण केली.

सकाळी ९.३०

रिव्ह्यूला आठ जण होते. आमच्या तरुण डिझाइनरने ब्रॅकेट मेंबरला वेल्ड केलेला दाखवला आणि त्याचं कारणही नीट मांडलं. जेफ्री बूथरॉइड आणि पीटर ड्यूहर्स्ट यांनी १९८० च्या दशकात रुजवलेली पद्धत आमच्या सगळ्यांच्या शिक्षणात आलेली आहे. प्रत्येक सुट्या भागाला तीन प्रश्न विचारायचे. तो शेजारच्या भागाच्या तुलनेत हलतो का? तो वेगळ्याच पदार्थाचा असायला हवा का? तो वेगळा नसेल, तर बाकीची जोडणी किंवा उघडणी अडते का? तिन्हींचं उत्तर ‘नाही’ आलं, तर तो भाग शेजाऱ्यात विलीन करायचा. ब्रॅकेट हलत नाही, पोलाद तेच आहे आणि वेल्ड केला तरी जोडणी अडत नाही. मग वेगळा कशाला? दोन बोल्ट, दोन नट आणि एक भाग क्रमांक वाचतो. उत्तर चोख होतं.

लॉजिस्टिक्सच्या सहकाऱ्याने एकच गोष्ट विचारली, “वर किती येतो?”

चाळीस मिलिमीटर. चासीच्या सर्वांत उंच पृष्ठभागाच्या वर चाळीस. आमच्या गाड्या सुट्या भागांत पूर्व आफ्रिकेला जातात आणि मोंबासाला जुळवल्या जातात. चासी एकावर एक रचल्या जातात. ब्रॅकेट नसेल तर एका चासीवर दुसरी २९० मिलिमीटरवर बसते, ब्रॅकेट वेल्ड केलेला असेल तर ३३० वर. एवढं सांगून तो थांबला, आकडे पुढे कुठे जातात ते दुपारी पाहू म्हणाला.

“मग खाली घ्या ना,” उत्पादनवाले म्हणाले. त्यावर सर्व्हिसचा माणूस पुढे सरकून बसला. त्याने मुंबई आणि उपनगरांतल्या डीलरांबरोबर पावसाळे काढले आहेत. कंट्रोलरला आयपी ६७ चं संरक्षण आहे, म्हणजे एक मीटर पाण्यात तीस मिनिटं टिकण्याची चाचणी त्याने पार केलेली असते. पण ती चाचणी नव्या डब्याची. तीन वर्षं खड्ड्यांतून धावलेल्या, दोनदा उघडून बंद केलेल्या कनेक्टरची नाही. “चाळीस मिलिमीटर खाली म्हणजे साचलेल्या पाण्याच्या चाळीस मिलिमीटर जवळ. मी सही करणार नाही.”

ही कोंडी मला प्रिय आहे. इथे प्रत्येक जण आपल्या जागी बरोबर असतो. जुन्या पद्धतीने गेलो असतो, तर डिझाइनने वेल्डचं ड्रॉइंग सोडलं असतं, डाय बनल्या असत्या, गाडी मान्यतेसाठी एआरएआयकडे गेली असती आणि नंतर कधीतरी निर्यातीचा पहिला कंटेनर भरताना फोर्कलिफ्टवाल्याने हात वर केले असते. तेव्हा चासीत बदल म्हणजे फिक्श्चर नवं, वेल्डिंगचा क्रम नवा, मान्यतेची कागदपत्रं पुन्हा. आज बदल म्हणजे संगणकावरची दुपार.

असं एकत्र काम करण्याला व्याख्या देण्याचं काम डिसेंबर १९८८ मध्ये झालं. अमेरिकेच्या संरक्षण खात्यासाठी इन्स्टिट्यूट फॉर डिफेन्स ॲनालिसीज या संस्थेने आर-३३८ हा अहवाल काढला आणि ‘कॉन्करंट इंजिनिअरिंग’ हे नाव पक्कं केलं. वस्तू आणि तिच्याशी निगडित प्रक्रिया यांचं डिझाइन एकत्र, आणि त्या प्रक्रियांत उत्पादनाबरोबर पुढची देखभालही धरलेली. हा दुसरा भाग लष्कराकडून यावा याला कारण आहे. रणगाडा किंवा विमान विकत घेतल्यावर ते कित्येक दशकं चालतं, आणि त्याचे सुटे भाग, दुरुस्ती, वाहतूक, प्रशिक्षण यांचा खर्च खरेदीच्या किमतीला मागे टाकतो. तीनचाकीच्या मालकाचंही हेच आहे. फक्त त्याचा हिशेब कुठल्या खात्यात मांडला जात नाही. हप्ता भरायच्या दिवशी गाडी गॅरेजमध्ये असते, तेव्हा त्याला तो कळतो.

सकाळी ११.००

मॉक-अप रूम ही कारखान्यातली माझी सर्वांत आवडती जागा. प्लायवूड आणि लेझरने कापलेला पत्रा यांची चासीची मागची बाजू तिथे खऱ्या उंचीवर उभी आहे. कंट्रोलरचा डबा थ्री-डी प्रिंटरवर काढलेला, आणि त्यात नट-बोल्ट भरून वजन खऱ्याइतकं केलेलं. हे वजन मी आग्रहाने करून घेते. हलका डबा कोणीही कुठेही बसवून दाखवतो.

बोलावलेली माणसं: सकाळचा ऑपरेटर, वायरिंग हार्नेसच्या लाइनवरून एक मुलगी, फोरमनकाका आणि सर्व्हिसचा ट्रेनर. हार्नेसवरच्या मुलीला मुद्दाम बोलावलं. नव्या लाइनवर निम्म्या मुली असणार आहेत, आणि आमच्या ड्रॉइंगमधला माणूस नेहमी पाच फूट आठ इंच उंच असतो. ती पाच फूट असेल.

पहिल्यांदा वेल्ड केलेल्या ब्रॅकेटवर डबा बसवून पाहिला. ऑपरेटरला जमलं, सकाळसारखीच मान वाकडी करून. तिला चौथ्या बोल्टपर्यंत हात पोचवायला टाचा उचलाव्या लागल्या. दोघांकडेही रनर हातात असताना डबा दाबून ठेवायला तिसरा हात नव्हता.

मी काही सुचवलं नाही. अशा वेळी इंजिनिअर बोलला की बाकीचे थांबतात, म्हणून मी भिंतीला टेकून उभी राहते. ती डबा काढून पुन्हा लावून पाहत होती. तिसऱ्यांदा म्हणाली, “मॅडम, अर्धी मेहनत डबा धरण्यात जाते. हा आधी कुठेतरी अडकला, तर दोन्ही हात मोकळे होतील. हार्नेसच्या क्लिपा आम्ही तशाच लावतो, आधी टोक अडकवायचं, मग दाबायचं.”

फोरमनकाका पुढे झाले. खिशातून खडू काढला आणि प्लायवर ब्रॅकेटची बाजूची आकृती काढली. खालच्या कडेला दोन कान. मेंबरला दोन खाचा. कान खाचेत घालून ब्रॅकेट टेकवायचा, तो आपल्या वजनानेच बसतो. मग वरून फक्त दोन बोल्ट, दोन्ही समोरून.

“काका, म्हणजे ब्रॅकेट वेगळा?”

“वेगळाच. वेल्ड केलात की डबा इथे लाइनवर लावावा लागणार. वेगळा असला, तर शेजारच्या टेबलावर बसून आरामात ब्रॅकेटवर डबा चढवता येतो, चारही बोल्ट समोर. लाइनवर नुसतं अडकवायचं.”

खोलीत सगळे एकदम बोलू लागले. तीन प्रश्नांच्या परीक्षेत विलीन व्हायला सांगितलेला भाग आता वेगळा होत होता, आणि वेगळा होताच सकाळच्या दोन्ही तक्रारी सुटत होत्या. ब्रॅकेट चासीवर नसेल तर चासी २९० वर रचता येते. गाडीत बसल्यावर डब्याची उंची जशीच्या तशी, म्हणजे पावसाचं पाणी आहे तेवढंच दूर. तीन प्रश्न चुकीचे नव्हते. ते असेंब्लीच्या टेबलावरून विचारलेले होते. कंटेनर आणि गॅरेज त्या टेबलावर नसतात.

प्रयोगशाळेतून पुठ्ठ्यासारखा पातळ पत्रा आणून लेझरवर वीस मिनिटांत कानांचा ब्रॅकेट कापून घेतला. मुलीने अडकवला. दोन्ही हात सोडून ती बाजूला झाली, डबा जागेवर. मग तिनेच तो उलटा फिरवून, डावं-उजवं बदलून अडकवून दाखवला. तोही बसला, आणि तसा बसला की कनेक्टर चुकीच्या बाजूला येतात. म्हणून एक कान रुंद आणि एक अरुंद करायचं ठरलं. उलटा बसायलाच नको. शिगेओ शिंगो यांनी जपानी कारखान्यांत रुजवलेलं हे पोका-योके आमच्या लाइनवर सगळ्यांना नावानिशी माहीत आहे, त्यामुळे कोणाला समजावून सांगावं लागलं नाही.

शेवटी ताकदीचा हिशेब करणारा सहकारी आला आणि खाचा पाहून त्याचा चेहरा उतरला. मेंबरच्या वरच्या पट्टीत खाच म्हणजे तडा जायला दिलेलं आमंत्रण. वाकताना सगळ्यात जास्त ताण त्या पट्टीतच असतो. तासभर वाद झाला. तोडगा असा की खाचा वरच्या पट्टीतून काढून मेंबरच्या उभ्या भिंतीत, उंचीच्या मध्यावर घ्यायच्या, जिथे वाकण्याचा ताण सर्वांत कमी असतो. कान तेवढेच खाली वळवायचे. “रात्री रन लावतो,” तो म्हणाला.

दुपारी १.००

कँटीनमध्ये मटकीची उसळ आणि ताक. सांगलीहून आलेला ट्रेनी समोर बसला होता. एवढ्या लोकांना विचारत बसलो तर गाडी कधी निघायची, हा त्याचा प्रश्न. त्याला बोइंग ७७७ बद्दल सांगितलं. १२ जून १९९४ रोजी पहिलं उड्डाण झालेलं हे विमान पूर्णपणे संगणकावर रेखाटलेलं होतं, आणि ते दोनशेहून अधिक डिझाइन-बिल्ड गटांनी मिळून केलं. गटांत उत्पादनाची माणसं होती, पुरवठादार होते, आणि विमानं वापरणाऱ्या एअरलाइनचे मेकॅनिकही होते. पंखातलं इंधन भरायचं पॅनल त्यांच्या गाड्यांवरून पोचणार नाही इतक्या उंचावर आहे, हे एअरलाइनच्या माणसांनीच दाखवून दिलं, तेही विमान बनण्याआधी.

जवळचं उदाहरण म्हणजे पुण्यातच घडलेली टाटा एस. मे २००५ मध्ये आलेल्या त्या गाडीसाठी गिरीश वाघ यांच्या गटाने सगळे विभाग एकत्र बसवले होते, आणि तीनचाकी चालवणाऱ्यांशी बोलून गाडीची गरज समजून घेतली होती. ट्रेनीने वही काढली. मी त्याला दुपारी पॅकिंग यार्डात बरोबर यायला सांगितलं.

दुपारी २.००

यार्डात लाकडाचा आणि पावसात भिजलेल्या पुठ्ठ्याचा वास असतो. निर्यातीच्या प्रत्येक स्किडवर आयएसपीएम १५ चा शिक्का लागतो. लाकडाच्या गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सिअस तापमान सलग ३० मिनिटं दिलेलं असलं की तो मिळतो. अशी प्रक्रिया झाली नाही, तर लाकडातली कीड दुसऱ्या देशात जाते. शिक्का नसलेली एक फळी पूर्ण कंटेनर बंदरात अडकवू शकते. म्हणून नव्या गाडीची स्किड कशी असेल, हेही आमच्या डिझाइनच्या यादीत आहे.

सकाळचे आकडे इथे पूर्ण झाले. चाळीस फुटी हाय-क्यूब कंटेनरच्या दाराची उंची सुमारे २.५८ मीटर. स्किड १२० मिलिमीटर. ३३० च्या हिशेबाने सात चासींची चळत २४३० होते, आठवी ठेवली तर २७६०, म्हणजे दारातूनच जात नाही. २९० च्या हिशेबाने आठ चासी २४४० मध्ये बसतात आणि फोर्कलिफ्टला उचलायला हातभर नाही तरी थोडी जागा उरते. कंटेनरमध्ये अशा आठ चळती राहतात. एका बाजूला ५६ चासी, दुसऱ्या बाजूला ६४. ४४८ चासींना आठऐवजी सात कंटेनर. ट्रेनीने हा भागाकार दोनदा करून पाहिला.

पॅकिंगचे सुपरवायझर मात्र आनंदात नव्हते. “ताई, सुटा केलात म्हणजे हरवायची सोय केलीत.” त्यांचं खरं आहे. मोंबासाला एक ब्रॅकेट कमी पोचला, तर तिथली एक गाडी उभी राहते, आणि समुद्रमार्गे दुसरा पोचायला आठवडे जातात. वेल्ड केलेला भाग विसरता येत नाही. त्यांची अट अशी की ब्रॅकेट वेगळ्या पेटीत नको, टेबलावर कंट्रोलरला जोडूनच एका खोक्यात यावा. मग तिकडच्या माणसालाही अडकवून दोन बोल्टच मारायचे.

ही अट मान्य करताच खोक्याचा प्रश्न आला. कान बाहेर आल्यामुळे खोकं ४०० बाय ३१० होत होतं. १२०० बाय १००० च्या पॅलेटवर तशी नऊ बसतात. ४०० बाय ३०० असतील तर बरोबर दहा बसतात, एकही फट न राहता. आणि फट नसली की थर सरकत नाही, खोकी कोपऱ्यात दबत नाहीत. सुपरवायझरनी जमिनीवर खोकी मांडूनच दाखवलं. कान बारा मिलिमीटरने आखूड करायचं टिपून घेतलं. खाचेत अडकायला उरलेला कान पुरतो.

दुपारी ३.४५

नाशिक रस्त्यावरची गर्दी आज बरी होती. भोसरी एमआयडीसीतल्या प्रेस शॉपमध्ये पोचलो तेव्हा मोठ्या प्रेसचा ठोका गेटबाहेर ऐकू येत होता. बरोबर खरेदी विभागाचा सहकारी होता, थोडा अस्वस्थ. आमचा नियम असा की ड्रॉइंग पक्कं झाल्यावर तीन ठिकाणांहून दर मागवायचे. इथे तर ड्रॉइंग पक्कं व्हायच्या आधी आम्ही एकाकडून सल्ला घ्यायला आलो होतो. उद्या काम दुसऱ्याला गेलं तर? मी या नियमाच्या विरोधात आहे आणि कंपनीत तसं उघड सांगते. ज्याच्या अनुभवावर भाग सुधारायचा आहे, त्याला आधी निवडा, किमतीचं लक्ष्य त्याच्याबरोबर ठरवा आणि ते गाठायला मदत करा. फुकट सल्ला घेऊन स्वस्तातल्या माणसाला काम देणं दोनदा जमतं. तिसऱ्यांदा भोसरीत कोणी तोंड उघडत नाही.

प्रेस शॉपच्या मालकांचे वडील याच गाळ्यात लेथ चालवत असत. मालक आमच्याशी बोलताना ड्रॉइंगचा कागद हातात घेत नाहीत, पत्र्याचा तुकडा घेतात. त्यांनी कानांचा ब्रॅकेट उलटसुलट करून पाहिला.

“मॅडम, हे भोक बेंडच्या फार जवळ आहे.” ड्रॉइंगमध्ये भोकाच्या कडेपासून बेंडपर्यंत सहा मिलिमीटर अंतर होतं. तीन मिलिमीटरच्या पत्र्याला, तेवढ्याच आतल्या त्रिज्येच्या बेंडला, किमान नऊ तरी ठेवावं लागतं. नाहीतर वाकवताना भोक ओढलं जाऊन लांबट होतं. मग आधी वाकवायचं आणि भोक नंतर पाडायचं, म्हणजे एक डाय जास्त, प्रत्येक नगामागे एक ठोका जास्त. भोक तीन मिलिमीटर सरकवलं की हे सगळं टळतं. कंट्रोलरचा डबा आमचाच असल्यामुळे सरकवता आलं.

मग त्यांनी ब्रॅकेट मनातल्या मनात उलगडून सपाट केला. “ब्लँकची रुंदी किती?” २१८ होती. “१२५० च्या शीटमधून पाच पट्ट्या निघतात, बाकी भंगारात.” सहकाऱ्याने मोबाइलवर सहाने भागून पाहिलं, २०८. मी यार्डातली टीप काढली. कान बारा मिलिमीटरने आखूड, म्हणजे २०६. सहा पट्ट्या, १२३६ मिलिमीटर, चौदा शिल्लक. मालकांनी तुकडा टेबलावर ठेवला आणि माझ्याकडे पाहून विचारलं, “हे कोणी सुचवलं?” पॅकिंगच्या माणसाने, मी सांगितलं. त्यांना पटायला क्षणभर वेळ लागला. खोकं पॅलेटवर नीट बसावं म्हणून कापलेला कान भोसरीत पत्रा वाचवेल, हे आमच्यापैकी कोणीही ठरवून करू शकलं नसतं. दोघं एकाच दिवशी एका तुकड्याबद्दल बोलले म्हणून ते घडलं.

संध्याकाळी ६.००

परतीच्या वाटेवर मोशीच्या उपबाजाराजवळ एक गॅरेज आहे. बाजारात भाजी, कांदा आणणाऱ्या तीनचाक्या तिथे येतात. मिस्त्री आमच्या कंपनीचा नाही, अधिकृत सर्व्हिस सेंटरचाही नाही. गाडीची हमी संपली की गाडी त्याच्याकडे येते, आणि मग उरलेलं आयुष्य तोच तिला चालवतो. त्याला विचारल्याशिवाय मी सर्व्हिसची बाजू पूर्ण झाली असं मानत नाही.

मी प्रिंट केलेला डबा आणि पत्र्याचा ब्रॅकेट त्याच्या बाकावर ठेवला. पहिला प्रश्न: “पाना कितीचा, ताई?”

“तेराचा.”

“चारी तेराचे? का एक दहाचा?” डब्याच्या झाकणाला डिझाइनरने एम ६ घातले होते, म्हणजे दहाचा पाना. मिस्त्रीचं म्हणणं, चिखलात गाडीखाली झोपून दुसरा पाना मागत बसायचं म्हणजे कंटाळा, आणि कंटाळा आला की माणूस बोल्ट अर्धवट ठेवतो. ब्रॅकेटचे सगळे तेराचेच ठेवायचं लिहून घेतलं. झाकण तो उघडत नाही, त्याचे राहू देत.

दुसरी गोष्ट त्याने हाताने सांगितली. गाडी बंद पडते ती माल भरलेली असताना. वर पाचशे किलो कांदा असतो, लोड बॉडी उचलता येत नाही. त्याने दोन बोल्ट काढल्यासारखं केलं, ब्रॅकेट वर उचलून खाचांतून सोडवला आणि आपल्याकडे ओढला. “इथपर्यंत यायला पाहिजे. वायर ओढ देते का?” चालू मॉडेलमध्ये देते. हार्नेस जेवढ्यास तेवढा मापलेला आहे, कारण तांब्याचा प्रत्येक सेंटिमीटर खर्चात धरलेला. कनेक्टर काढायचे तर डबा बाहेर यायला हवा, आणि डबा बाहेर यायचा तर कनेक्टर काढायला हवेत. माल उतरवल्याशिवाय हे सुटत नाही. मी टेपने मोजलं. १५० मिलिमीटर वायर जास्त दिली की सुटतं. हा खर्च मी मागणार आहे. भाजीवाल्याची सकाळ त्याच्यापेक्षा महाग आहे.

एक गोष्ट मात्र मी त्याला सांगितली. बॅटरीची जोडणी काढली तरी कंट्रोलरमधल्या कपॅसिटरमध्ये वीज काही वेळ राहते, टर्मिनलला लगेच हात लावू नये, पाना आडवा पडू देऊ नये. त्याला ठिणगीचा अनुभव होता, कारण माहीत नव्हतं. डब्यावर सूचना आहे, पण इंग्रजीत, आणि बसवल्यावर भिंतीकडे तोंड करून. नव्या गाडीत ती समोर येईल अशी आणि चित्रांत हवी. मोशीला चालेल, मोंबासालाही चालेल.

रात्री ९.१०

ताकदीच्या हिशेबाचा पहिला निकाल आला. खाचा उभ्या भिंतीत घेतल्याने मेंबर बराच सुरक्षित आहे, पण खाचेच्या टोकांना ताण अजून साचतो. सहकाऱ्याने दोन्ही टोकांना आठ मिलिमीटरची गोल भोकं देऊन दुसरा रन लावला आहे. त्या भोकांचा आणखी एक उपयोग त्यानेच लिहिला आहे: रंगाच्या टाकीत बुडवल्यावर मेंबरच्या आत अडकणारं द्रावण तिथून निथळेल, म्हणजे वेगळी ड्रेन भोकं कदाचित लागणार नाहीत.

नोंदवहीत ब्रॅकेटसमोर आता सगळ्यांची नावं विभागानुसार आहेत. अडकवायची कल्पना हार्नेस लाइनची, कानांच्या रुंदीतला फरक तिचाच, सुटा ब्रॅकेट आणि टेबलावरची जोडणी फोरमनकाकांची, कानाची लांबी यार्डाची, भोकाची जागा भोसरीची, तेराचा पाना आणि जास्तीची वायर मोशीची. बदल मंजूर करणाऱ्या तक्त्यात ‘सुचवणारा’ असा रकाना नाही. तो घालावा म्हणून मी वेगळा मेल लिहिला. हार्नेस लाइनच्या मुलीच्या सुपरवायझरलाही त्याची प्रत पाठवली.

एक मुद्दा उघडा आहे. कान तीन मिलिमीटरचा, खाच ३.५ ची. पण दोन्ही भाग रंगून येतात. रंगाचा थर कानाच्या दोन्ही बाजूंना चढणार आणि खाच तेवढीच आत येणार. थर जाड पडला तर कान ठोकून घालावा लागेल, पातळ पडला तर ब्रॅकेट खडखडेल आणि महिन्याभरात रंग घासून गंज धरेल. शिवाय डब्याला चासीचं अर्थिंग बोल्टखालच्या उघड्या धातूतून मिळायला हवं, म्हणजे तिथे रंग नको. खाच ३.५ ठेवायची की ३.६, आणि बोल्टच्या भोकाभोवती रंगण्याआधी झाकण लावायला त्यांच्याकडे किती वेळ आहे, हे पेंट शॉपच्या सुपरवायझरना विचारायचं आहे. त्यांची पाळी सकाळी सातची आहे.